घटक ४ : सेवा-देयकाची भाषा आणि तक्रारलेखन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• दूरध्वनी व इंटरनेट सेवेच्या जाहिरातीतील आणि देयकातील भाषेचे विश्लेषण करता येईल.
• शब्दाचा रूढ अर्थ आणि करारातील अर्थ यांतील अंतर सांगता येईल.
• ग्राहक म्हणून मुद्देसूद तक्रारपत्र लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीचा परिचय करून घेतला. त्या भाषेत अर्जदार आणि अधिकारी असे दोन पक्ष असतात. या घटकात ग्राहक आणि सेवा पुरवणारी कंपनी या दोन पक्षांमधील भाषाव्यवहार पाहावयाचा आहे. हा विषय आपल्या दैनंदिन जीवनाला लागून असल्याने आपण एका प्रत्यक्ष अनुभवापासून आरंभ करू.

मालवण तालुक्यात निवास-न्याहारीचा व्यवसाय करणारी एक विद्यार्थिनी संपर्कसत्राला आली होती. तिने घरी इंटरनेट आणि त्यावरून चालणारा दूरध्वनी अशी एकत्र सेवा घेतली होती. जाहिरातीत दरमहा ४९९ रुपये असा दर होता. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून होणारे ५८८ रुपये ८२ पैसे तिने स्वतः काढले आणि दरमहा ५८९ रुपये भरले. कंपनीचे देयक मात्र ६४७ रुपये ८२ पैशांचे होते, कारण त्यात ५० रुपये ‘उपकरण शुल्क’ आणि त्यावरील ९ रुपये कर मिळवलेला होता. चार महिन्यांत २३५ रुपये २८ पैसे थकले आणि नाताळच्या आठवड्यात, ऐन पर्यटनाच्या हंगामात, सेवा बंद झाली. येऊ इच्छिणाऱ्या पाहुण्यांचे दूरध्वनी लागले नाहीत. खोल्या रिकाम्या राहिल्या. मदत-क्रमांकावर ती पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होती, ‘‘माका ह्या कोणी सांगूकच नाय.’’

तिचे हे वाक्य नीट ध्यानात घ्या. मालवणीतील या एका वाक्यात तिच्या तक्रारीचा कायदेशीर गाभा आहे : पूर्वसूचना नव्हती. परंतु नंतर तिने लिहिलेल्या तीन पानी पत्रात हे वाक्यच नव्हते. तेथे होते ‘लुबाडणूक’, ‘अन्याय’, ‘गरिबांची पिळवणूक’. राग खरा होता. पण त्यात दिनांक नव्हता, रक्कम नव्हती आणि मागणीही नव्हती.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शब्दाचा रूढ अर्थ आणि करारातील अर्थ

शब्दाचा अर्थ समाजाने ठरवलेला असतो. करारात मात्र एक पक्ष शब्दाला आपला अर्थ देतो आणि तो व्याख्येत किंवा तळटीपेत नोंदवतो. पुढील तीन शब्द पाहा.

महिना : आपल्या पंचांगात महिना तीस तिथींचा, इंग्रजी दिनदर्शिकेत बहुधा तीस किंवा एकतीस दिवसांचा. भ्रमणध्वनीच्या अनेक योजना मात्र २८ दिवसांच्या असतात. २८ दिवसांचे १३ हप्ते म्हणजे ३६४ दिवस. म्हणजेच वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. पंचांगातील अधिकमास सुमारे तीन वर्षांतून एकदा येतो. या हिशेबात तो दरवर्षी येतो. ग्राहकांच्या तक्रारींनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एकेक योजना ठेवणे बंधनकारक झाले. २८ दिवसांच्या योजना त्यामुळे बंद झाल्या नाहीत. निवड करण्याची जबाबदारी आपल्यावरच राहिली.

अमर्याद : ‘अ’ हा नकारदर्शक उपसर्ग आहे, ज्याला मर्यादा नाही ते अमर्याद. योजनेत मात्र ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो आणि त्यास ‘वाजवी वापर धोरण’ म्हटले जाते. येथे विशेषण मोठ्या अक्षरांत आणि त्याचा अपवाद लहान अक्षरांत असतो.

मोफत : किनाऱ्यावरील अनेक घरांतील मुले बोटीवर किंवा आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांच्याशी इंटरनेटवरून होणारे बोलणे ‘मोफत’ म्हटले जाते. भारतात इंटरनेट दूरध्वनीस २००२ मध्ये मर्यादित स्वरूपात मुभा मिळाली आणि २०१८ मध्ये ती विस्तारली. अशा बोलण्याला मिनिटांचे मूल्य नसते. परंतु त्यासाठी इंटरनेटचा साठा खर्च होतो आणि त्याचे मूल्य आपण आधीच दिलेले असते. म्हणून ‘मोफत’ याचा येथील नेमका अर्थ ‘वेगळे पैसे न आकारता’ असा होतो.

४.३.२ कर्त्याचा लोप

देयकांत व संदेशांत पुढील वाक्ये वारंवार येतात :

(अ) आपल्या क्रमांकावर सेवा कार्यान्वित करण्यात आली आहे.
(आ) लागू असलेले शुल्क आकारले जाईल.

दोन्ही वाक्यांत कर्ता नाही. सेवा कोणी कार्यान्वित केली? कोणाच्या सांगण्यावरून? शुल्क ‘लागू’ कोणी केले? कार्यालयीन भाषेत कर्मणी रचना तटस्थतेसाठी वापरतात, हे आपण पाहिले आहे. येथे तीच रचना जबाबदारी झाकण्याचे काम करते. न मागितलेल्या गाण्यांच्या, राशिभविष्याच्या सेवा सुरू होऊन शिल्लक कापली जाण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा प्राधिकरणाने जुलै २०१३ मध्ये अशा मूल्यवर्धित सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक केले. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर लोप पावलेला कर्ता या नियमाने वाक्यात परत आणला. वरील वाक्यास आपला पहिला प्रश्न असावा : ‘‘ही संमती मी केव्हा आणि कशी दिली?’’

४.३.३ नामकरण आणि ठिबकती किंमत

‘सुविधा शुल्क’ या सामासिक शब्दाचा विग्रह ‘सुविधेसाठीचे शुल्क’ असा होतो. सुविधा कोणाची, हे समासात सांगितलेले नसते. ‘तंत्रज्ञान शुल्क’, ‘मंच शुल्क’, ‘उपकरण शुल्क’ ही नावेही अशीच आहेत. गंभीर, तांत्रिक वाटणाऱ्या नावामुळे हा जणू सरकारी कर आहे असा समज होतो. म्हणून देयक वाचताना प्रत्येक ओळ दोन गटांत टाका : शासनाला जाणारा कर आणि कंपनीने लावलेले शुल्क. वरील उदाहरणात ४९९ आणि ६४७.८२ यांतील अंतर १४८ रुपये ८२ पैसे आहे. त्यांपैकी मूळ दरावरील कर ८९ रुपये ८२ पैसे. उरलेले ५९ रुपये उपकरण शुल्कामुळे आले. तक्रार ५९ रुपयांची आहे, १४८ रुपयांची नव्हे. हा फरक न केल्यास ‘तो तर सरकारी कर आहे’ एवढ्याच उत्तरावर पत्र निकाली निघते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांचे तेरा प्रकार दिले आहेत. किंमत एकदम न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे, ग्राहकाच्या नकळत खरेदीत वस्तू मिळवणे आणि संदिग्ध शब्दयोजना करणे हे त्यांपैकी काही होत. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे, की शब्दयोजना हीदेखील येथे अनुचित व्यापाराची कृती मानली आहे.

४.४ तक्रारलेखन

४.४.१ टप्पे

प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून नोंदणी क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते. २०१२ च्या नियमांनुसार त्याचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो. राष्ट्रीय ग्राहक मदत-क्रमांक १९१५ हा आहे. यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

४.४.२ विशेषणे नव्हे, तपशील

पत्रात क्रम असा ठेवावा : काय ठरले, काय घडले, फरक किती, मागणी काय. किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार जिल्ह्यातील सेवा मोठ्या प्रमाणावर २४ तासांहून अधिक काळ खंडित राहिल्यास ग्राहकास भाड्यात सूट किंवा मुदतवाढ मिळावयाची आहे. नैसर्गिक आपत्ती मात्र त्यातून वगळली आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ ही निःसंशय आपत्ती होती. पण आषाढातला नेहमीचा पाऊस आपत्ती नव्हे. तेव्हा ‘वादळी पावसात सेवा गेली’ असे सवयीने लिहू नये. वादळ नसेल तर ‘वादळी’ हे विशेषण आपलाच दावा दुबळा करते. सेवा कोणत्या दिनांकास, किती वाजता खंडित झाली आणि केव्हा सुरू झाली, एवढेच लिहावे.

४.४.३ नमुना

विषय : कराराबाहेरील उपकरण शुल्क परत मिळणेबाबत.
संदर्भ : तक्रार नोंदणी क्रमांक ____, दिनांक ____

महोदय,
मी दिनांक ____ रोजी दरमहा ४९९ रुपये अधिक कर या दराने आपली सेवा घेतली. माझ्या अर्जाच्या प्रतीत उपकरण शुल्काचा उल्लेख नाही. तरीही चार देयकांत प्रत्येकी ५९ रुपये (करासह) आकारले आहेत. त्याबाबत मला पूर्वसूचना मिळालेली नाही. सदर थकबाकीमुळे दिनांक ____ ते ____ सेवा बंद होती.
विनंती : (१) चार महिन्यांचे उपकरण शुल्क, एकूण २३६ रुपये, रद्द करावे. (२) सेवा बंद असलेल्या दिवसांचे भाडे वजा करावे. (३) लेखी उत्तर मराठीत द्यावे.
सोबत : अर्जाची प्रत, चार देयके, भरणा-पावत्या.

आपली विश्वासू,
____

‘मला पूर्वसूचना मिळालेली नाही’ हे वाक्य पाहा. मदत-क्रमांकावर मालवणीत उच्चारलेले तेच वाक्य येथे प्रमाण मराठीत आले आहे. बोली उणी म्हणून ते बदलले नाही. लेखी नोंद दूरच्या, अनोळखी वाचकासाठी असते म्हणून बदलले. या पत्रानंतर त्या विद्यार्थिनीचे उपकरण शुल्क रद्द झाले. नाताळच्या आठवड्यातील बुडालेले उत्पन्न मात्र परत आले नाही. म्हणून देयक पहिल्या महिन्यातच वाचावे, हा या घटकाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.

४.५ सारांश

करारातील शब्दाचा अर्थ रूढ अर्थापेक्षा वेगळा असू शकतो. कर्मणी रचनेत जबाबदार पक्ष दिसेनासा होतो. शुल्काचे नाव त्याचे स्वरूप झाकू शकते. या तिन्हींना उत्तर म्हणजे तपशीलयुक्त, मागणी स्पष्ट करणारे लेखन.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘लागू असलेले शुल्क आकारले जाईल’ हे वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा. अर्थात काय स्पष्ट झाले ते सांगा.
२. आपल्या घरातील एका देयकातील प्रत्येक ओळ ‘कर’ आणि ‘कंपनीचे शुल्क’ अशा दोन गटांत मांडा.
३. आपल्या परिसरातील व्यक्तीची एक तोंडी तक्रार तिच्या बोलीत जशीच्या तशी उतरवून घ्या व तिचे शंभर शब्दांचे तक्रारपत्र तयार करा. ते त्या व्यक्तीस वाचून दाखवा; तिचे म्हणणे त्यात आले आहे का, हे तिलाच विचारा.