यंत्र बिघडले की जोडणी?

बिलाचा प्रिंटर किंवा बारकोड स्कॅनर अचानक बंद पडला की पुष्कळ व्यापारी बंधू लगेच नव्या यंत्राची चौकशी करू लागतात. पैसे खर्च करण्यापूर्वी जोडणी तपासावी.

यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मोबाईल चार्जिंगच्या काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच. अशी केबल लावल्यास यंत्राचा दिवा लागतो, पण संगणकाला यंत्र दिसत नाही. केबल ५ मीटरपेक्षा लांबही नसावी. या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच प्रवाह मिळतो. म्हणून पोर्टेबल हार्ड डिस्क हबवर न लावता थेट संगणकाला जोडावी.

तपासताना एका वेळी एकच बदल करावा. आधी केबल, मग पोर्ट, शेवटी दुसरा संगणक. तेथे यंत्र चालले तर ते निर्दोष समजावे. आपल्या संगणकाचा पोर्ट किंवा ड्रायव्हर पाहावा.

मात्र थेट जोडूनही हार्ड डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर ती ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावी. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, वर्षाचा हिशेब मिळत नाही. त्याची दुसरी प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.