नैराश्यावरील उपचार आणि झोप

वसई-विरार परिसराचा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी 1867 मध्ये धावली. आज चर्चगेटपर्यंतचे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर रोज कापणारा नोकरदार पहाटे उठतो व रात्री उशिरा घरी परततो. वाडीतील फुले व भाजी घेऊन निघणारा शेतकरी आणि भरती-ओहोटीप्रमाणे होडी लोटणारा अर्नाळ्याचा मच्छीमार यांची झोपही अशीच मोडते. त्यामुळे 'झोप लागत नाही' ही तक्रार दगदगीच्या खाती मांडली जाते आणि तिच्यामागील नैराश्य ध्यानात येत नाही.

दुहेरी संबंध

नैराश्यात झोप उशिरा लागते, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते. काहींना उलट अतिझोप येते. दुसऱ्या बाजूस, दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य जडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. मन सावरल्यावरही झोप बिघडलेलीच राहिली, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच झोपेवरील उपाय हा नैराश्यावरील उपचाराचा एक भाग मानणे अगत्याचे आहे.

उपचार व पथ्य

नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्यापूर्वी निराश होऊन, अथवा बरे वाटताच, ती परस्पर बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्यांची सवय जडू शकते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी. सकाळचा उजेड अंगावर घ्यावा, कारण शरीरातील घड्याळ प्रकाशावरून आपली वेळ जुळवते. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. सायंकाळनंतर चहा व मद्य टाळावे. झोप अगदी कमी होऊनही उत्साह अवाजवी वाढला, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. तो वेगळा मनोविकार असू शकतो.

गावाची जबाबदारी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून सुरू झाला. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कामातील अनास्था व झोपेची तक्रार दिसल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्या व्यक्तीस उपचारापर्यंत पोहोचवावे. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी पडल्यास मात्र एक दिवसही थांबू नये.