सोशिकपणा आणि हृद्रोग : डहाणू-तलासरीतील स्त्रीरुग्ण

हृद्रोगाचे हेतू सांगताना चरकाचार्यांनी त्रिमर्मीय चिकित्साध्यायात अतिव्यायामाबरोबर चिंता, भय व त्रास यांची गणना केली आहे. व्यवहारात आपण तेल-तुपाची चौकशी करतो आणि मनोहेतू सोडून देतो.

डहाणू व तलासरी तालुक्यांतील कष्टकरी वारली स्त्रीच्या ठिकाणी हे हेतू एकत्र येतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात. घेतलेली उचल फिटेपर्यंत विश्रांती नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा माणसांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 52 देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात मनोसामाजिक ताण हा हृदयविकाराच्या प्रमुख नऊ घटकांत गणला गेला. स्त्रियांत त्याचा वाटा पुरुषांहून अधिक दिसला.

‘ही बाई सोशिक आहे’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अभ्यास करणारे शर्मन जेम्स यांनी 1980 च्या दशकात उलट गोष्ट दाखविली : साधने तुटपुंजी असताना एकट्याने नेटाने झुंजणाऱ्यांत रक्तदाब वाढलेला आढळतो. प्रवरसत्त्व रुग्ण मोठी वेदनाही अल्प असल्यासारखी दाखवितो, हे आपल्याला पाठ आहेच. म्हणून त्याची तपासणी अधिक काळजीपूर्वक हवी. सत्त्वाला आधार लागतो. 1945 च्या वारली उठावात स्त्रियाही उतरल्या, ते बळ एकटीचे नव्हते. सत्त्वावजय करताना तिच्या पाठीशी घरात, पाड्यावर, बचतगटात कोण आहे, हे आधी विचारावे.

श्रमाने लागणारा दम, असाधारण थकवा, मळमळ, पाठ वा जबड्याची वेदना यांना तपासणीविना अम्लपित्त ठरवू नये. पाच मिनिटे बसवून रक्तदाब मोजावा, पांडुता पाहावी (या भागात सिकलसेलही आहे), मिश्री-तंबाखूची चौकशी करावी. शंका येताच ईसीजीसाठी डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय वा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. खोकल्यासाठी वारंवार नेणाऱ्या स्त्रीला तसे सांगावे. अर्जुनारिष्ट देताना रक्तदाबाच्या चालू गोळ्या बंद करावयास लावू नये. भट्टीवर निघणाऱ्या रुग्णेला तेथील मुक्कामास पुरतील इतक्या गोळ्या आणि शेवटचा रक्तदाब लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी.