ठिबकवर भाजी कशी लावावी

आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, कारण जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही. कळशीने शिंपले तर बरेच पाणी वाटेतच मुरते. आजी म्हणते, "पाणी झाडाक व्हया, वाटेक कित्याक?" ठिबकमध्ये ते झाडालाच जाते.

इस्रायल देशात सिम्खा ब्लास नावाचे इंजिनिअर होते. गळक्या नळाजवळचे झाड जास्त वाढलेले त्यांनी पाहिले, असे सांगतात. १९६५ साली तिथे ठिबकचा कारखाना निघाला. आता आपल्या जळगावातही या नळ्या बनतात.

पहिली बाग लहानच करावी. भात कापून झाले की वाफे करून शेणखत घालावे. झाकणाचे पिंप चिऱ्यांवर कमरेएवढे उंच ठेवावे. त्याला गाळणी, मग जाड नळी, मग वाफ्यावर बारीक नळ्या. प्रत्येक झाडाला एक तोटी. तोटीवर २ लिटर लिहिले असेल तर पुरेसा दाब असताना तासाला तेवढे पाणी पडते. पिंप कमरेएवढेच उंच असेल तर त्याहून कमी पडू शकते. २० मिरच्यांना रोज एक तास म्हणजे जास्तीत जास्त ४० लिटर. २०० लिटरचे पिंप निदान पाच दिवस पुरते! मी हे गणित दोनदा करून बघितले.

मिरची, वांगी, भेंडी यांना ठिबक चांगले. लाल भाजी दाट पेरतात, तिला झारीच बरी.

गाळणी दर आठवड्याला धुवावी, नाहीतर तांबडी माती तोटीत बसते. ज्या झाडाखाली माती कोरडी दिसेल तिथली तोटी काढून पाण्यात धुवावी. सुईने टोचू नये, भोक मोठे होते आणि सगळे पाणी तिथेच जाते.