सिकलसेल : एका कडीचा फरक

विदर्भातील अनेक जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागात ‘सिकलसेल’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस प्रारंभ झाला. तपासणीची कार्डे लोकांच्या हाती येऊ लागली. परंतु कार्डावरील नोंदीचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. तो नीट उमगण्यासाठी रक्तातील एका महारेणूची घडण समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने वाचकांनी रसायनशास्त्राची धास्ती बाळगू नये.

अनेक लहान घटक साखळीसारखे जोडले जाऊन महारेणू तयार होतो. भाकरीतील पिष्ट हाही महारेणूच. मात्र त्यात ग्लुकोज ही एकच कडी पुनःपुन्हा येते. प्रथिनांचे तसे नाही. त्यांच्या साखळीत वीस प्रकारची अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने येतात. या क्रमानुसार साखळीची घडी पडते आणि घडीनुसार तिचे कार्य ठरते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत केवळ एका वेलांटीचा फरक, पण अर्थ पार बदलतो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन हे असेच प्रथिन. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : १४१ कड्यांच्या दोन अल्फा व १४६ कड्यांच्या दोन बीटा. फुप्फुसात प्राणवायू उचलावा आणि शरीरभर पोहोचवावा, हे त्याचे काम. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा फरक १९५० नंतरच्या दशकात शोधून काढला. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी सलगी करणारे, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहणारे. त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे लांब, ताठ तंतू बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी पेशी येथे दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. केवळ लोहाच्या गोळ्यांनी हा रक्तक्षय भरून येत नाही, तो यामुळेच. पाणी कमी पडणे, थंडी, ताप, अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. वर्गात वारंवार पाणी पिण्यास उठणाऱ्या किंवा कवायतीस नकार देणाऱ्या अशा मुलास आळशी ठरविणे हा शुद्ध अन्याय होय.

बीटा साखळीचा आराखडा आई व वडील या दोघांकडून एकेक मिळतो. दोन्ही सदोष असल्यास मूल रुग्ण. एकच सदोष असल्यास ते वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो, आणि बालवयात तीव्र हिवतापापासून त्याला काही संरक्षणही लाभते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तीन सुटली, असा हिशेब मात्र करता येत नाही. जोडीदारांपैकी एकाचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. तेव्हा वाहक मुलीचे लग्न मोडण्यास येथे शास्त्राचा कसलाही आधार नाही.

गावपातळीवरील विद्राव्यता चाचणीत रक्ताचे द्रावण गढूळ झाले, की नमुना ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. पण ते रुग्ण व वाहक या दोघांचेही गढूळ होते. खरा निवाडा पुढील चाचण्यांत होतो. इलेक्ट्रोफोरेसिस ही त्यांपैकी एक. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्‌भार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार रेणूतील दोषाचा असल्याचे दाखविले, ते याच मार्गाने. निरोगी व्यक्तीच्या नमुन्यात नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा उमटतो, रुग्णाच्या नमुन्यात सदोष हिमोग्लोबिनचा, आणि वाहकाच्या नमुन्यात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात.