कीर्तन तीन तुकड्यांत, जोडायचं कसं?

प्रश्न : सप्ताहातलं रात्रभराचं कीर्तन रेकॉर्डरवर घेतलं. कार्डावर तीन वेव्ह फाइली निघाल्या. कॉपी कमांडने एकत्र केल्या, पण पहिलाच भाग वाजतो.

उत्तर : तुमचं कीर्तन शाबूत आहे, काळजी नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. बरेच रेकॉर्डर २ जीबी भरले की, म्हणजे साधारण दोन तासांनी, नवी फाइल उघडतात.

वेव्ह फाइलच्या सुरुवातीला बहुधा ४४ बाइटची नोंद असते आणि तीत लांबी लिहिलेली असते. नुसत्या चिकटवलेल्या फाइलीत पहिल्या भागाचीच लांबी राहते, म्हणून प्लेअर तिथेच थांबतो.

मोफत ऑडॅसिटीत तिन्ही फाइली क्रमाने इंपोर्ट करा, सगळे ट्रॅक निवडा, ‘ट्रॅक्स’मधल्या ‘अलाइन ट्रॅक्स’मध्ये जाऊन ‘अलाइन एंड टू एंड’ करा. एक्स्पोर्ट मात्र फ्लॅकमध्येच करा. साध्या वेव्हला ४ जीबीची मर्यादा आहे. फ्लॅकमध्ये आवाजाचा दर्जा जराही घटत नाही, जागाही वाचते. एमपी३ वाटायला ठीक, जपायला नाही.

दोन्ही सांधे हेडफोन लावून ऐका. टाळ-मृदंगाच्या ठेक्यात खंड पडला तर लगेच कळतो. तोवर कार्ड पुसू नका.