थाळीफेक : पकड आणि वेग

महाड तालुक्यातील बिरवाडी हे काळ नदीकाठचे गाव. कोकणातील इतर भातशेतकऱ्यांप्रमाणेच येथील शेतकऱ्यालाही गोफण अपरिचित नाही. गोफणीचा एक पदर बोटात अडकविलेला असतो, दुसरा चिमटीत धरलेला. ती प्रथम संथ फिरते, मग वेग वाढत जातो आणि योग्य क्षणी चिमूट सुटताच दगड दूर जातो. शाळेच्या मैदानावर थाळीफेक शिकतानाही हेच दोन प्रश्न सोडवावयाचे असतात : पकड किती घट्ट असावी आणि वेग केव्हा वाढवावा?

पुरुषांची थाळी २ किलोची, महिलांची १ किलोची असते. १८ वर्षांखालील मुले १.५ किलोची थाळी वापरतात. एवढे वजन हातातून निसटेल या भीतीने नवखा विद्यार्थी ती आवळून धरतो. परिणामी मनगट व खांदा ताठरतात. वास्तविक चार बोटांची शेवटची पेरेच थाळीच्या कडेवर यावयास हवीत. अंगठा केवळ तोल सांभाळतो. शरीर गिरकी घेऊ लागले की थाळी बाहेरच्या दिशेने ओढ घेते व बोटांच्या पेरांवर आपोआप टेकून राहते. शेवटी ती तर्जनीवरून सुटते. उजव्या हाताची फेक असल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जाते व या फिरण्यामुळेच हवेत स्थिर राहते.

परदेशांत लोकप्रिय असलेल्या डिस्क गोल्फ या खेळातील तबकडी २०० ग्रॅमपेक्षाही हलकी असते. तेथे बोटे कडेखाली वळवून वर अंगठा दाबतात व सुटण्याच्या सुमारास पकड अधिक घट्ट करतात. साधन बदलले की पकडही बदलते.

वेगाचे गणित सोपे आहे. हवेचा परिणाम वगळल्यास, सुटतानाचा वेग १० टक्क्यांनी वाढला तर अंतर सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. मात्र २.५० मीटर व्यासाच्या वर्तुळात प्रारंभीच सर्व जोर लावला तर तोल जातो आणि अखेरीस जोर उरत नाही. म्हणून आरंभ संथ व शेवट वेगवान असावा. प्रथम पाय, मग कंबर, नंतर छाती व खांदा आणि सर्वांत शेवटी हात, असा हा क्रम आहे. हात आधी पुढे आला की पायांचे बळ वाया जाते. विद्यार्थ्यांनी आधी जागेवरून फेक पक्की करावी, गिरकी नंतर शिकावी.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत महिलांच्या थाळीफेकीतील तिन्ही पदके भारताने मिळविली. कृष्णा पुनिया यांची ६१.५१ मीटरची फेक सुवर्णपदकाची ठरली.

महाडच्या पावसाळी हवेत थाळी ओली होते; प्रत्येक फेकीपूर्वी ती पुसावी. समोरचे क्षेत्र मोकळे असल्याची खात्री करूनच फेक करावी आणि थाळी परत आणताना ती हातात धरून आणावी, फेकू नये.

उंची व बळ यांचा लाभ होतोच. परंतु केवळ थोराड बांधा पाहून शाळेचा संघ निवडल्यास तंत्र आत्मसात करू शकणारी सडपातळ मुले-मुली मागे राहतात. शिक्षकांनी आधी तंत्र शिकवावे व मगच निवड करावी, हे इष्ट होय.